शिक्क्यांचे कार्ड आणि झोपेचा हिशेब

पावसाळा ओसरला की महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचा हंगाम सुरू होतो. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर. खिशात ठिकठिकाणी शिक्के घ्यायचे एक छोटे कार्ड, आणि ठरलेल्या वेळेत परत यायचे. या स्वाऱ्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात, सायकलवाल्यांच्या बोलण्यात 'बीआरएम'. चारही अंतरे एकाच हंगामात पुरी केली की माणूस 'सुपर रँडोनिअर' होतो, थोडक्यात 'एसआर'. आजचा धागा या कार्डाच्या इतिहासाचा आहे. तो नेहमीपेक्षा लांबला आहे, कारण त्या इतिहासात एक जुने भांडण दडलेले आहे, आणि ते ठाऊक नसतानाच आपल्यापैकी अनेकजण त्यात एक बाजू घेऊन बसले आहेत. ती बाजू चुकीची आहे असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साल १८९१. पॅरिसच्या 'ल पती जुर्नाल' या दैनिकाचा संपादक पिएर जिफार याने एक अचाट उपक्रम जाहीर केला. पॅरिसहून निघायचे, अटलांटिकच्या काठावरील ब्रेस्त बंदरापर्यंत जायचे आणि परत यायचे. सुमारे १२०० किलोमीटर. त्या काळी हवेचे टायर ही नवलाई होती, रस्ते खडी-मातीचे होते, आणि सायकल ही धनिकांच्या मुलांची बागेतली करमणूक की खरोखरीचे वाहन, हा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. जिफारला त्याचे उत्तर हवे होते. (अंकाचा खपही हवा होता, हे उघड आहे.) प्रत्येक स्वाराला एक पुस्तिका देण्यात आली. वाटेतल्या नेमलेल्या गावी थांबायचे आणि तिच्यावर सही-शिक्का घ्यायचा. आज आपल्या खिशातल्या कार्डाची ही पणजी.

दोनशेवर लोक निघाले; त्यांतले जेमतेम निम्मे परतले. पहिला आला शार्ल तेराँ, सुमारे ७१ तासांत, जवळजवळ न झोपता. पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले. बाकीचे स्वार पुढचे कित्येक दिवस एकेक करून येत राहिले. त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत, पण जिफारच्या मूळ प्रश्नाचे खरे उत्तर त्यांनीच दिले होते: सामान्य माणूस, साध्या यंत्रावर, आपल्या गतीने, गावोगाव शिक्के घेत १२०० किलोमीटर जाऊन घरी परतू शकतो. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो तीन रात्री डोळ्याला डोळा न लावणारा वीर. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा वाद या एका घटनेत बीजरूपाने आहे असे मला वाटते.

(जाता जाता: या स्वारीच्या नावाची एक मिठाईही फ्रान्समध्ये आहे. 'पॅरिस-ब्रेस्त'. सायकलच्या चाकासारखी गोल, आत क्रीम. १९१० च्या सुमारास ती निघाली. सायकलला कधी हात न लावलेले लोकही ती आवडीने खातात.)

यानंतर सहा वर्षांनी, १२ जून १८९७ रोजी, इटलीत बाराजण रोमहून नेपल्सला निघाले. अंतर २३० किलोमीटर, अट एवढीच की सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या उजेडात पोहोचायचे. अशा स्वारांना 'ऑडॅक्स' म्हणू लागले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धाडसी. ही कल्पना आल्प्स ओलांडून फ्रान्सला आली आणि तिथे आंरी देग्रांज या गृहस्थाच्या हाती पडली. १९०४ साली त्याने तिला नियमांच्या चौकटीत बसवले. सगळ्यांनी एका गटाने जायचे, पुढे कप्तान, गती त्याने ठरवायची, कुणी पुढे जायचे नाही, कुणी मागे राहायचे नाही.

हा देग्रांज म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. १८९३ साली त्याने बंदिस्त धावपट्टीवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून त्या प्रकारातला पहिला नोंदलेला विक्रम केला होता. 'लोतो' या क्रीडा दैनिकाचा तो संपादक, आणि १९०३ साली सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स'चा जनक. सायकलच्या इतिहासात त्याच्याएवढे मोठे नाव शोधूनही सापडणार नाही. पण त्याची एक ठाम समजूत होती: शर्यतीत जिंकावे ते स्नायूंनी, यंत्राने नव्हे. स्वाराला यंत्राची जितकी मदत, तितके त्याचे कर्तृत्व कमी. गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहे, अशा आशयाचे त्याने १९०२ साली लिहिले. टूर द फ्रान्समध्ये साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा गिअर सर्वांना खुला झाला तो थेट १९३७ साली, स्पर्धेची सूत्रे देग्रांजच्या हातून गेल्यावर. तोवर आल्प्स आणि पिरेनीजचे घाट चढणारे व्यावसायिक स्वार चढ आला की उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत (त्याच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत) आणि पुन्हा निघत. तेही त्या काळात, जेव्हा सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला जाणारा एखादा मध्यमवयीन दुकानदार त्यांच्याहून चांगल्या गिअरची सायकल वापरत होता.

हा दुकानदार काल्पनिक नाही. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३, रेशमाचा व्यापारी, मुक्काम सेंत-एतिएन. हे खाणी आणि कारखान्यांचे शहर, चहूकडे डोंगर. तिशीत त्याला सायकलचे वेड लागले. १८८७ मध्ये त्याने सायकलचे दुकान काढले, पुढे 'ल सिक्लिस्त' म्हणून ओळखले जाणारे मासिक सुरू केले, आणि रेशमाचा धंदा सोडून दिला. मासिकात तो 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिही, आणि फ्रेंच सायकलस्वार आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. तो शाकाहारी होता, एस्पेरान्तो भाषेचा पुरस्कर्ता होता, आणि जन्मभर एकाच प्रश्नामागे लागला होता: कुठल्याही सामान्य शरीराला दिवसभर, डोंगरातून, दमछाक न होता सायकल चालवता यावी तर यंत्र कसे असावे? गिअर हे त्याचे उत्तर. दोन, तीन, चार, जितके जमतील तितके. स्वतः वापरून पाहायचे, मासिकात लिहायचे, वाचकांच्या शंकांना उत्तरे द्यायची, पुन्हा बदलायचे. सायकलवरून भटकंती करण्याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, 'सिक्लोतुरिझ्म', तो रूढ होण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

व्हेलोसिओने स्वारांसाठी सात नियम सांगितले. ते शब्दशः देत नाही, आशय सांगतो. थांबे थोडे आणि थोडक्यात ठेवा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. जेवण जाईल किंवा झोप उडेल इतके थकू नका. थंडी वाजण्याआधी अंगावर चढवा आणि उकडण्याआधी उतरवा. ऊन, वारा, पाऊस यांना भिऊ नका. स्वारीत तरी मांस, मद्य आणि तंबाखू टाळा. सुरुवातीच्या तासांत अंगात बळ सळसळत असते, तेव्हाच विशेष जपा, जोर लावू नका. आणि सातवा: केवळ प्रौढीपायी पायडल मारू नका.

आता हे सात नियम एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला १९२४ सालचे टूर द फ्रान्स ठेवा. स्पर्धेचा नियम असा की सकाळी निघताना अंगावर जेवढे कपडे, तेवढेच शेवटी असले पाहिजेत. वाटेत टाकायचे नाहीत. स्वार पहाटेच्या थंडीत निघत, उन्हे वर आल्यावर उकडू लागे. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए याच्या अंगावर सकाळी किती जर्सी आहेत हे पंच मोजू लागला. या अपमानाने संतापून पेलिसिए बंधूंनी कुतांस या गावी स्पर्धा सोडली. तिथल्या कॅफेत आल्बेर लाँद्र या पत्रकाराने त्यांना गाठले, आणि स्वारांचे कसे हाल होतात, थकवा मारायला ते काय काय औषधे घेतात, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या फ्रान्सने वाचले. एक संपादक आपल्या वाचकांना सांगत होता की उकडण्याआधी कपडे उतरवा. दुसरा संपादक उकडल्यावरही कपडे उतरवू देत नव्हता. भांडण कसले होते हे याहून नेमके सांगता येणार नाही.

देग्रांजवर मी अन्याय करत नाही ना, हेही पाहिले पाहिजे. त्याच्याशिवाय सायकल फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत देवघरातल्या तसबिरीइतकी परिचित झाली नसती. त्याच्या कप्तानवाल्या ऑडॅक्स स्वाऱ्यांत एक बंधुभाव होता, कच्चा गडी मागे पडू नये याची सोय होती. ती पद्धत फ्रान्समध्ये आजही चालू आहे. आणि व्हेलोसिओ काही मऊ गादीवरचा तत्त्ववेत्ता नव्हता. ईस्टरच्या सुट्टीत तो रात्रभर सायकल चालवत प्रोव्हान्सला जाई, पन्नाशी उलटल्यावरही. कष्टाला दोघांचीही ना नव्हती. फरक एवढाच की एकाच्या लेखी कष्ट ही किंमत होती, जी शक्य तितकी कमी करावी. दुसऱ्याच्या लेखी कष्ट हाच माल होता.

१९२१ मध्ये हे भांडण नियमांच्या पातळीवर आले. ऑडॅक्स स्वाऱ्या भरवणारा पॅरिसचा क्लब आणि देग्रांज यांचे बिनसले, आणि देग्रांजने आपले नियम वापरण्याची परवानगी काढून घेतली. क्लबने मग स्वतःचे नियम केले, आणि त्यात कप्तान ठेवलाच नाही. प्रत्येकाने आपापल्या गतीने जावे, एकट्याने वा सोबतीने, फक्त ठाण्यांवर शिक्का घ्यावा आणि मर्यादेत पोहोचावे. याला त्यांनी नाव दिले 'आल्युर लिब्र', म्हणजे मुक्त गती. आपण ज्याला बीआरएम म्हणतो तो या १९२१ च्या ब्रेव्हेचा थेट वंशज आहे आणि जगभरच्या बीआरएमची नोंद आजही तोच पॅरिसचा क्लब ठेवतो. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसचेही असेच झाले. दर दहा वर्षांनी होणारी व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. मुक्त गतीच्या हौशी स्वारांनी मात्र तो रस्ता सोडला नाही. आता दर चार वर्षांनी हजारो लोक तो ९० तासांच्या आत पुरा करायला जगभरातून जातात, त्यात आपल्याकडचेही असतात.

ब्रेव्हेचे नियम नीट वाचले की लक्षात येते, ते व्हेलोसिओच्या बाजूचे आहेत. ही शर्यत नाही. स्वार खासगी सहलीवर आहे असे मानले जाते. क्रमांक नाहीत. पहिल्याला आणि शेवटच्याला तेच पदक. अनेक दशके तर असाही नियम होता की फार लवकर पोहोचलात तर शिक्का मिळत नाही: ठाणे उघडण्याची वेळ ठरलेली असे, आणि २०० किलोमीटरसाठी ती निघाल्यापासून ५ तास ५३ मिनिटांनी येई. घाई करणाऱ्याने दारात बसून राहावे. मला हा नियम फार आवडतो.

आता वेळेची मर्यादा पाहा. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे सगळीकडे सरासरी ताशी १५ किलोमीटर, सगळे थांबे धरून. जो ताशी २० ने चालवतो त्याला ६०० साठी ३० तास पायडल मारावे लागेल आणि दहा तास हातात उरतील. जेवणखाण, शिक्के, एखादे पंक्चर यांना पाच तास गेले तरी पाच तास झोप शक्य आहे. ताशी १७ ने चालवणाऱ्याला मात्र पायडलसाठीच ३५ तासांहून अधिक लागतात. त्याच्या वाट्याला झोप जवळजवळ येतच नाही. हे गणित पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल एवढे आहे. ते निघण्यापूर्वी किती जण मांडतात?

इथून पुढे माझी तक्रार आहे. आपल्याकडे बीआरएम सुरू झाल्या त्या २०१० च्या आसपास, आणि त्यांनी महाराष्ट्राचे भले केले हे आधी मान्य करतो. चाळिशीतले बँक कर्मचारी, डॉक्टर, शिक्षक, गृहिणी पहाटे पाचला कसारा, खंबाटकी, वरंधा चढू लागले. सायकल ही परवडत नाही म्हणून चालवायची वस्तू, हा जो शिक्का तिच्यावर बसला होता, तो पुसला गेला. पुण्याला तर कधीकाळी सायकलींचे शहर म्हणत. तिथे ती नाहीशी होऊन पुन्हा आली, निदान रविवारी. हे सगळे त्या कार्डाने केले.

पण कार्ड व्हेलोसिओचे आणि मन देग्रांजचे, असे आपले झाले आहे. समाजमाध्यमांवर ६०० च्या स्वारीची वर्णने वाचा. निम्मा मजकूर झोपेबद्दल असतो, आणि तो अभिमानाने लिहिलेला असतो. पेट्रोल पंपाच्या फरशीवर वीस मिनिटे आडवा झालो. हँडलवर डोके टेकले आणि दचकून जागा झालो. झापड आली म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खाली अंगठ्यांचा आणि मुठींचा पाऊस. जो ४२० किलोमीटरला थांबला, लॉजवर जाऊन झोपला आणि सकाळी एसटीच्या टपावर सायकल टाकून घरी आला, त्याच्या नावापुढे 'डीएनएफ' लागते, आणि त्याचे सांत्वन केले जाते. खरे तर त्याचे अभिनंदन व्हायला हवे; जेवण जाईल नि झोप उडेल इतके थकू नका हा नियम त्याने तेवढा पाळला.

फ्रान्समधल्या शेतांमधून जाणारा रात्रीचा गावरस्ता आणि आपला राष्ट्रीय महामार्ग यांत फरक आहे, हे इथे कुणाला सांगायला नको. मागचा दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, रंग उडालेला गतिरोधक, पुलाच्या तोंडावरचा खड्डा, ढाब्याजवळची कुत्री. यांतले एकेक टाळायला सावध डोळा लागतो. बीआरएमच्या नियमांत दिवे सक्तीचे आहेत, अंधारात चमकणारे जाकीट सक्तीचे आहे. झोपेची सक्ती नाही, आणि ती नियमाने करताही येणार नाही, कारण मुक्त गतीचा अर्थच तो: निर्णय स्वाराचा. म्हणूनच स्वारांची आपापसातली बोलण्याची रीत फार महत्त्वाची ठरते. आपण कशाला टाळ्या वाजवतो, यावर पुढच्या हंगामातला नवखा गडी पहाटे तीनला थांबतो की पुढे जातो हे ठरते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. रात्रभर जागून सायकल चालवण्यात काही विलक्षण आहे; ते कुणी का हिरावून घ्यावे? मला ते मान्य आहे. ताम्हिणीतून पहाट उजाडताना पाहिलेल्या माणसाला त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण ती रात्र वर्षातून एकदा-दोनदा, तयारीने, हिशेब मांडून. एसआरची चढाओढ वेगळी आहे. एका हंगामात एक एसआर पुरेनासा होतो, मग दोन, मग तीन. आणि मार्च संपला की तीच सायकल गॅलरीत उलटी टांगलेली दिसते, टायर बसलेले, साखळीला गंज. शरीराचा सगळा सौदा पाच महिन्यांत करून उरलेले सात महिने काहीच नाही, याला सायकलिंगचा छंद म्हणायचे तर शब्दाची ओढाताण होते.

हे असेच असायला हवे असे मुळीच नाही. ब्रिटनमधल्या ऑडॅक्स स्वारांमध्ये एक वेगळा सन्मान आहे: सलग बारा महिने, दर महिन्याला किमान २०० किलोमीटरची एक स्वारी. सुरुवात कुठल्याही महिन्यापासून करा. अमेरिकेतही तसाच सन्मान आहे. ऐकायला ६०० पेक्षा सोपे वाटते. करून पाहा. जानेवारीत ब्रिटनमध्ये उजेड आठ तासांचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात विदर्भात २०० किलोमीटर जायचे तर पहाटे दोनला निघून उन्हे तापायच्या आत निम्मे अंतर मागे टाकावे लागेल, आणि जुलैत कोकणात उतरायचे तर मडगार्ड, तेल, ब्रेकचे पॅड यांची निगा शिकावी लागेल. हा सन्मान मांडीतले बळ फारसे विचारत नाही. ऋतू ओळखता येतात का, घर-संसार-नोकरी यांतून दर महिन्याला एक दिवस काढता येतो का, आणि पुढच्या महिन्यासाठी गुडघे शिल्लक ठेवता येतात का, हे विचारतो.

वर्षभर सायकल चालवण्याची दोन टोकेही ब्रिटनच्याच इतिहासात आहेत, आणि ती लागोपाठच्या वर्षांत आली. १९३८ साली बिली डोव्ही या चोविशीच्या तरुणीने १ जानेवारीपासून रोज सायकल चालवली, वर्षभर, तीन गिअरच्या साध्या सायकलवर. दिवसाची सरासरी सुमारे ८१ मैल. व्यायाम सामान्य बाईच्या आवाक्यात आहे हे दाखवणे हा तिचा हेतू होता, आणि संध्याकाळी त्याविषयी ती भाषणेही देई. वर्षाअखेर २९,६०३ मैल झाले. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, टॉमी गॉडविनने ७५,०६५ मैल काढले. दिवसाला दोनशेहून अधिक मैल, शेवटचे चार महिने युद्धकाळातल्या सक्तीच्या अंधारात. हा विक्रम पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. गॉडविनपुढे मान लवते. पण त्याच्याबद्दल असेही सांगितले जाते की सायकलवरून उतरल्यावर त्याला पुन्हा धड चालायला शिकावे लागले. डोव्ही २०१४ साली वारली, वयाच्या शंभराव्या वर्षी. यातून वैद्यकीय निष्कर्ष काढण्याचा मोह आवरतो; दोन माणसांवरून शास्त्र होत नाही. कुणाचे अनुकरण करावे हा प्रश्न मात्र विचारता येतो.

आणि आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, ती पुरी केली. इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा फेरा घालून ते १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले. अंतर ७१,००० किलोमीटर. हा आकडा पाहून छाती दडपते, म्हणून भागाकार करू. प्रवासाचे दिवस १,६१६. रोजची सरासरी ४४ किलोमीटर. समुद्रप्रवास, आजारपण, परवाने मिळण्याची वाट, लोकांनी आग्रहाने ठेवून घेतलेले मुक्काम, सगळे त्यात आले. अर्थात वाळवंटात आणि आल्प्समध्ये त्यांनी भोगलेले हाल ४४ या आकड्यात दिसत नाहीत. पण भारतीय सायकलच्या इतिहासातला सर्वांत लांब पल्ल्याच्या स्वाऱ्यांपैकी हा एक, ठाणे–पनवेल एवढ्याच्या आसपासच्या रोजच्या सरासरीने झाला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती आपल्या एसआरच्या पदकांवर कुठे कोरलेली नसते.

व्हेलोसिओ १९३० साली गेला. सेंत-एतिएनच्या रस्त्यात सायकल हाताने धरून चालत असताना ट्रामची धडक बसली. त्याच्या स्मरणार्थ १९४७ पासून दर ईस्टरला चोवीस तासांची सांघिक स्वारी निघते. तिच्यात एका जागी दोन तासांहून अधिक थांबायचे नाही असा नियम आहे. थोडे आणि थोडक्यात थांबा हे त्याचेच म्हणणे, पण प्रौढी नको हा सातवा नियम पाळणारे त्यात कितीजण असतील, सांगता येत नाही. मला त्याच्या वारशाचा याहून चांगला अवतार फ्रान्समध्येच दुसरीकडे दिसतो. तिथल्या सायकल-भटक्यांच्या महासंघाचे एक कार्ड आहे. देशाच्या प्रत्येक जिल्ह्यातली सहा स्थळे नेमलेली: एखादी खिंड, एखादे जुने गाव, एखादा मठ. सायकलने तिथे जायचे, गावातल्या पाववाल्याकडून वा कॅफेतून शिक्का घ्यायचा. वेळेची मर्यादा नाही. अजिबात नाही. लोकांना ते पुरे करायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि मध्येच लग्न, मुले, बदल्या, आजारपण होऊनही कुणाचा 'डीएनएफ' होत नाही.

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येकी सहा स्थळे म्हटली तर २१६ शिक्के. दर महिन्याला एक घेतला तर अठरा वर्षे पुरतील. महिन्याला दोन घेणारा नऊ वर्षांत राज्य पाहून होईल, तेही मुख्यतः घाटवाटा आणि जिल्हामार्गांवरून. शिक्का टपाल कार्यालयाचा चालेल, रविवारी ते बंद असते म्हणून किराणा दुकानाचाही चालेल. कुणा संस्थेची परवानगी लागत नाही, एक कोरी वही पुरते. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे सर्वांत अवघड जाणार, सायकल चालवायला नव्हे, सायकल लावायला.

सुरुवात म्हणून साताऱ्याची माझी सहा नावे देतो: प्रतापगड, मेणवली, बामणोली, औंध, चाफळ आणि सज्जनगड. कास मुद्दाम वगळले आहे, फुलांच्या दिवसांत तिथे आधीच पुरेशी गर्दी असते; आणि बामणोलीला जाताना ते वाटेत लागतेच. इतर जिल्ह्यांची नावे तिथल्या लोकांनी या धाग्याखाली लिहावीत. फक्त एक विनंती: नाव लिहिताना तिथे रात्री मुक्कामाची सोय कुठे होते, हेही लिहा.